मुलांना साहसकथा आणि रहस्यकथा सुचवताना

वाचनालयात साहसकथा आणि रहस्यकथा एकाच कप्प्यात ठेवलेल्या असतात. सुचवणाऱ्याने मात्र त्या डोक्यात वेगळ्या ठेवाव्यात. साहसकथा वाचणाऱ्या मुलाला ‘आता पुढे काय होणार?’ हे हवं असतं: वादळ, पाठलाग, सुटका. रहस्यकथा वाचणाऱ्याला ‘नेमकं घडलं काय होतं?’ हे हवं असतं: चिखलातला ठसा, खोटी पडलेली साक्ष, न जुळणारी वेळ. पहिल्याच्या हातात सात संशयितांच्या जबान्या दिल्या तर तो चाळिसाव्या पानावर पुस्तक ठेवून देतो. दुसऱ्याला नुसती धावपळ दिली तर ‘पण हे त्याला कळलं कसं?’ असं दोनदा विचारतो आणि कंटाळतो. मग घरात ठरतं की याला वाचनाची आवडच नाही.

म्हणून नाव सांगण्याआधी पाच मिनिटं मुलाशी बोला. ‘तुला कोणती पुस्तकं आवडतात?’ हा प्रश्न फारसा कामाचा नाही. कमी वाचणाऱ्या मुलाकडे त्याचं उत्तर नसतं आणि भरपूर वाचणारं मूल तुम्हाला आवडेल ते उत्तर देतं. त्यापेक्षा नुकताच पाहिलेला सिनेमा किंवा मालिका सांगायला लावा. गोष्ट सांगताना ते कुठे रंगतं तिकडे लक्ष द्या. गाडी दरीच्या काठावर लटकली ते हातवारे करून सांगितलं तर साहसकथा. ‘तो नोकर खोटं बोलत होता, कारण त्याचे बूट कोरडे होते’ असं काही सांगितलं तर रहस्यकथा.

दुसरा प्रश्न अर्धवट सोडलेल्या पुस्तकाचा. कोणतं सोडलं हे तर विचाराच, पण कुठे सोडलं हे त्याहून महत्त्वाचं आहे. पहिल्या पाच-सात पानांत सोडलं असेल तर भाषा अवघड गेली. मध्यावर सोडलं असेल तर बहुधा माणसांच्या नावांचा गोंधळ झाला, किंवा वाचायला इतके दिवस लागले की मागचं विसरलं. शेवटाजवळ सोडलं असेल तर एक तर गुन्हेगार आधीच ओळखला, नाही तर भीती वाटली.

भीतीचा प्रश्न मुलाला चारचौघांत विचारू नका. दहा वर्षांचं कोणतंही मूल भावंडांसमोर ‘मला भीती वाटते’ असं म्हणत नाही. तो पालकांना बाजूला विचारा: रात्री एकटं झोपतं का, कोणत्या सिनेमातून उठून गेलं होतं?

आता वाचनाचा वेग. याकडे जवळजवळ कोणीच बघत नाही, आणि रहस्यकथा फसते ती बहुतेकदा इथेच. मुलाला जे पुस्तक द्यायचं आहे त्यातलं मधलं एक पान मनात वाचायला द्या आणि घड्याळ लावा. समजा चार मिनिटं लागली. दीडशे पानांच्या पुस्तकाला सहाशे मिनिटं, म्हणजे दहा तास झाले. शाळा, शिकवणी, खेळ यांतून रोज वीस मिनिटं वाचन होत असेल तर पुस्तकाला महिना लागेल. साहसकथेला महिना लागला तरी चालतं, कारण प्रत्येक प्रकरणात नवं संकट असतं. रहस्यकथेला चालत नाही. तिसऱ्या प्रकरणातली बंद पडलेली घड्याळाची टिकटिक पंचविसाव्या दिवशी कोणाला आठवणार? शेवटी उलगडा वाचून मूल म्हणतं, ‘असं कुठे होतं?’ अशा मुलाला साठ पानांची गोष्ट द्या. ती बारा दिवसांत संपते. रहस्यकथा दोन आठवड्यांच्या आत वाचून व्हावी, हे माप धरा. तेवढ्यात बसत नसेल तर कादंबरीऐवजी कथासंग्रह द्या.

त्याच पानावर न समजलेले शब्द बोटांवर मोजायला सांगा. एक-दोन अडले तर पुस्तक सोपं आहे. तीन-चार अडले तर ठीक. पाचाच्या पुढे गेले तर एकट्याने वाचायला अवघड; मोठ्या माणसाने वाचून दाखवावं. इंग्रजी माध्यमातल्या मुलांचा मराठी वाचनाचा वेग इंग्रजीपेक्षा खूप कमी असतो, आणि बोलताना मात्र मराठी अगदी सफाईदार असते. त्यांच्यासाठी पहिली दोन प्रकरणं तुम्ही मोठ्याने वाचा आणि संकट ऐन भरात आलं की पुस्तक तिथेच ठेवून उठा. पुढचं मूल स्वतः वाचतं, कारण माणसांची नावं, जागा आणि निवेदनाचा सूर आता कानात बसलेला असतो.

छपाईही पाहा. आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी अक्षर मोठं आणि ओळींत मोकळी जागा हवी. बारीक, दाट छपाईत जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात आणि हुशार मूलही अडखळतं.

मराठीत सुरुवात कुठून करावी, याचं सर्वांत भरवशाचं उत्तर अजूनही भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हेच आहे. बनेश फेणे हा फुरसुंगीचा मुलगा, पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकायला येतो, सायकल हाणतो आणि नको तिथे नाक खुपसतो. वीस पुस्तकं आहेत. वाक्यं छोटी, संवाद भरपूर आणि दर काही पानांनी काहीतरी घडतं. त्यामुळे साहसाची ओढ असलेल्या नऊ ते बारा वर्षांच्या मुलाला ती पटकन धरून ठेवतात. ‘फुरसुंगीचा फास्टर फेणे’ पहिलं द्या. ओळख तिथे होते. त्यानंतर क्रम पाळायची गरज नाही. गडकिल्ल्यांवर जाणाऱ्या मुलाला ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’ आणि कोडी आवडणाऱ्याला ‘फास्टर फेणे डिटेक्टिव्ह’ द्यावं. एक अडचण येते: या जगात मोबाइल नाही. तार येते, ट्रंककॉल लागतो, मुलं मोठ्यांना न सांगता सायकलवरून कोसभर जातात. आजच्या मुलाला पहिला प्रश्न पडतो की यांनी फोन का नाही केला. पुस्तक हातात देतानाच एका वाक्यात काळ सांगून टाका, म्हणजे तो खडा दाताखाली येत नाही.

यानंतरची पायरी म्हणजे सत्यजित राय यांचा बंगाली खासगी गुप्तहेर फेलूदा. मराठीत अशोक जैन यांचे अनुवाद रोहन प्रकाशनाने काढले आहेत. फेलूदाची पहिली कथा १९६५ साली बंगालीतल्या ‘संदेश’ या मुलांच्या मासिकात आली, आणि लेखन मुलांसाठी असल्याने खून झाला तरी त्याचं वर्णन रेंगाळत नाही. पुस्तकं आटोपशीर आहेत, संशयित मोजके असतात आणि धागेदोरे वाचकासमोर प्रामाणिकपणे मांडलेले असतात. साहसाकडून रहस्याकडे वळायला याच्याइतकी चांगली मालिका शोधूनही सापडणार नाही, कारण तिच्यात दोन्ही आहे: प्रवास, पाठलाग आणि शेवटी डोक्याला खाद्य. आपल्याकडच्या मुलांसाठी वेरूळच्या लेण्यांत घडणारी गोष्ट आधी काढा. मूर्तीचोरीचा माग काढत फेलूदा थेट कैलास लेण्यापाशी येतो. मूल वेरूळला जाऊन आलेलं असेल तर उत्तमच; नसेल तर वाचून झाल्यावर न्या. मुंबईत घडणारी एक गोष्टही आहे, तिच्यात सिनेमाचं चित्रीकरण आणि आगगाडी आहे. रहस्यकथा लिहिणारे लालमोहन गांगुली, म्हणजे जटायू, राजस्थानातल्या सोन्याच्या किल्ल्याच्या गोष्टीत पहिल्यांदा भेटतात. पुढच्या गोष्टींतली निम्मी गंमत त्यांच्यामुळे येते, म्हणून ती गोष्ट फार मागे ठेवू नका. पालकांना दोन गोष्टी आधी सांगाव्यात. फेलूदा चारमिनार सिगारेट ओढतो. आणि या गोष्टींत बायका-मुली जवळजवळ नाहीतच.

ही दुसरी उणीव खरी आहे, आणि ती एकट्या फेलूदाची नाही. मुलगी मध्यवर्ती असलेली मराठी रहस्यकथा मागायला कोणी आलं की कपाट तोकडं पडतं. इंग्रजी वाचणाऱ्या मुलीला १९३० साली सुरू झालेली, नॅन्सी ड्रू या तरुण हेर मुलीची मालिका देता येते. कॅरोलिन कीन हे तिचं लेखकनाव अनेकांनी मिळून वापरलेलं आहे, त्यामुळे सगळी पुस्तकं सारख्या तोलाची नाहीत. एनिड ब्लायटनच्या ‘फेमस फाइव्ह’मधली मुलासारखी राहणारी जॉर्ज अनेक मुलींना आपली वाटते, १९४२ ते १९६३ या काळातली ही एकवीस पुस्तकं आहेत आणि भाषा सोपी आहे. मात्र आठ-दहा वाचली की साचा कळतो. मूल स्वतःहून ‘आता बोगदा सापडणार’ असं म्हणायला लागलं की पुढची पायरी द्यायची वेळ झाली.

इंग्रजी वाचू शकणाऱ्या पण खून, रक्त, भुतं नको असलेल्या आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी एरिश केस्टनरचा एमिल घ्या. मूळ जर्मन पुस्तक १९२९ सालचं. बर्लिनला निघालेल्या एमिलचे आगगाडीत एकशे चाळीस मार्क चोरीला जातात आणि शहरातली मुलं टोळी करून चोराचा पिच्छा पुरवतात. चोर कोण हे लवकर कळतं, त्याला पकडायचं कसं यात खरी मजा आहे. भित्र्या मुलासाठी ही रचना फार चांगली.

भीतीच्या पायऱ्या लक्षात ठेवल्या की निवड सोपी होते. हरवलेली वस्तू सर्वांत खाली, मग हरवलेलं जनावर, मग पळवून नेलेलं माणूस, मग खून. भुताचा संशय ही वेगळीच शिडी आहे. खुनाची गोष्ट शांतपणे वाचणारी मुलंही तिच्यावर डगमगतात. एका वेळी एकच पायरी चढवा. आणखी एक आधार देता येतो: ‘मी’ म्हणून सांगितलेली गोष्ट. सांगणारा जिवंत राहून गोष्ट सांगतोय हे मुलाला आतून ठाऊक असतं. फेलूदाच्या गोष्टी त्याचा चुलतभाऊ तोपशे सांगतो, शेरलॉक होम्सच्या बहुतेक सगळ्या त्याचा मित्र वॉटसन. शेवटचं पान आधी उघडून पाहणारं मूल बहुधा भित्रं असतं. त्याला रागवू नका, अशी गोष्ट द्या.

शेरलॉक होम्सकडे मुलांना घाईने ढकललं जातं आणि बहुतेक वेळा चुकीच्या दारातून. चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथा आहेत. पहिली म्हणून १८८७ ची पहिली कादंबरी दिली तर मध्यावर गोष्ट एकदम अमेरिकेत, उटाच्या वाळवंटात जाते, होम्स दिसेनासा होतो आणि मूल हरवतं. कथांपासून सुरुवात करा. निळ्या माणकाची, म्हणजे ‘ब्लू कार्बंकल’ची कथा अकराव्या वर्षी सहज झेपते: एक हॅट, एक हंस आणि एक रत्न, खून नाही. मग लाल केसवाल्यांच्या मंडळाची. ‘स्पेकल्ड बँड’ भीतीदायक आहे, ती त्यानंतर. बास्करव्हिलच्या कुत्र्याची कादंबरी बारा-तेरा वर्षांनंतर आणि दिवसाउजेडी वाचायला द्या. तिच्यात मधली बरीच प्रकरणं होम्स समोर नसतो, हे आधीच सांगितलं तर मूल टिकून राहतं.

इथे अनुवादाचा मुद्दा येतो. पुस्तकाच्या आतल्या पानावर ‘अनुवाद’, ‘रूपांतर’ की ‘संक्षिप्त’ असं काय छापलंय ते बघा. काही छापलेलं नसेल तर पानं मोजा. स्टीव्हनसनचं खजिन्याच्या बेटाचं पुस्तक चौतीस प्रकरणांचं आहे. चौसष्ट पानांत ते बसलं असेल तर तो सारांश आहे. साहसकथा अशा कापाकापीतून बऱ्यापैकी तगते, कारण जहाज, बेट, चाचे उरतातच. रहस्यकथा मरते. संक्षेप करणारा आधी बारीकसारीक वर्णनं उडवतो, आणि धागेदोरे नेमके त्यातच दडवलेले असतात. उरतो तो जादूने गुन्हेगार पकडणारा गुप्तहेर. म्हणून साहसकथेचा संक्षेप चालवून घ्या, रहस्यकथेचा घेऊ नका. छोटी पूर्ण कथा ही मोठ्या कादंबरीच्या सारांशापेक्षा केव्हाही चांगली.

खजिन्याचं बेट पूर्ण वाचायचं ठरलं तर एक युक्ती आहे. जहाज दहाव्या प्रकरणात निघतं, आणि तोवर खानावळीतल्या वातावरणात काही मुलं कंटाळतात. पहिली सहा प्रकरणं दोन-तीन बैठकांत वाचून दाखवा. अकराव्या प्रकरणात सफरचंदांच्या पिंपात लपलेला जिम, म्हणजे गोष्टीतला मुलगा, जे ऐकतो, त्यानंतर पुस्तक हातातून काढून घ्यावं लागतं.

फ्रेंच विज्ञानकथाकार ज्यूल व्हर्न हा भागवतांनीच मराठीत रुजवला. ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’सारखे त्यांचे अनुवाद जुन्या वाचनालयांत अजून मिळतात. विज्ञानाची ओढ असलेल्या मुलाला तिथे न्या. ऐंशी दिवसांच्या जगप्रवासाची कादंबरी भूगोल आवडणाऱ्यांसाठी चांगली, शेजारी नकाशा उघडून ठेवावा. त्यात नायकाचा नोकर पासपार्तू मुंबईत उतरतो आणि मलबार हिलवरच्या देवळात बूट घालून शिरतो, त्यावर मुलं खूप बोलतात. पुढे सतीचा प्रसंग येतो. तो परदेशी लेखकाने १८७२ मध्ये दुरून लिहिलेला आहे, हे वाचनाआधी सांगावं. व्हर्ननंतर तेराव्या-चौदाव्या वर्षी जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी द्यावी; रहस्य आणि विज्ञान तिच्यात एकमेकांत विणलेलं आहे.

‘हे खरं घडलंय का?’ असं सतत विचारणाऱ्या मुलांना कल्पित गोष्टी पुरत नाहीत. त्यांच्यासाठी शिकारी जिम कॉर्बेट. कुमाऊँच्या नरभक्षकांचं पुस्तक १९४४ सालचं आहे. पहिलंच प्रकरण चंपावतच्या वाघिणीचं, जिच्या नावावर ४३६ बळी नोंदले गेले. वर्णनं अंगावर येणारी आहेत, म्हणून बारा वर्षांखाली सुरुवात ‘रॉबिन’ या कुत्र्यावरच्या प्रकरणापासून करा.

नाथमाधवांची ‘वीरधवल’ ही जुनी कादंबरी किंवा बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचा नायक झुंजार सुचवण्याचा मोह आजोबा मंडळींना होतो. त्या काळी त्यांनी मराठी माणसाला वाचायला लावलं हे अगदी खरं. पण ‘वीरधवल’ची संस्कृतप्रचुर लांब वाक्यं आजच्या सातवीतल्या मुलाला पेलत नाहीत. आजोबांनी रात्री वाचून दाखवायचं ठरवलं तर चित्र पालटतं, कारण वाक्य कुठे तोडायचं हे त्यांच्या आवाजाला ठाऊक असतं.

पुस्तक निवडून झालं की ते कसं पुढे करायचं याकडेही लक्ष हवं. एकच पुस्तक ‘हे वाच’ म्हणून देऊ नका. टेबलावर तीन ठेवा: एक जरा सोपं, एक बरोबर मापाचं, एक किंचित वरचं. प्रत्येकाबद्दल मिनिटभर बोला, चार वाक्यांत: कोण, कुठे, काय बिघडलं आणि कोण मागावर आहे. सोन्याच्या किल्ल्याचं असं सांगता येईल: ‘मुकुल नावाचा लहान मुलगा सारखा एका सोन्याच्या किल्ल्याबद्दल बोलतो. म्हणतो, मागच्या जन्मी मी तिथे राहत होतो. एक डॉक्टर त्याला घेऊन राजस्थानात किल्ला शोधायला निघतात. त्यांच्या मागे दोन माणसं लागलीत, त्यांना वाटतंय तिथे खजिना आहे.’ एवढं बोलून थांबा. किल्ल्याचं नाव सांगू नका. ‘शेवटी तर काय धमाल आहे!’ असंही नको; मूल मग शेवटाचीच वाट बघत मधली पानं उडवतं.

मग मुलाला प्रत्येक पुस्तकाचं पहिलं पान आणि मधलं एखादं पान चाळू द्या. पहिलं पान लेखकाने घासूनपुसून लिहिलेलं असतं, पुस्तकाचा खरा सूर मधल्या पानावर कळतो. निवड मुलाची. त्याने तिन्हींतलं तुम्हाला सर्वांत कमी आवडणारं उचललं तरी चेहरा बदलू देऊ नका.

वाचन सुरू झाल्यावर मोठ्यांकडून घोटाळे होतात. ‘यातून काय शिकलास?’ हा प्रश्न रहस्यकथेला लावला की ती धडा होऊन बसते. पुस्तक पूर्ण केल्यावर बक्षीस कबूल केलं तर मूल पानं उलटायला शिकतं. सिनेमा आधी दाखवला तर उलगडा आधीच कळतो, म्हणून रहस्यकथेचा सिनेमा नेहमी नंतर. साहसकथेचा आधी पाहिला तरी बिघडत नाही. नावांचा गोंधळ होत असेल तर पुठ्ठ्याच्या खुणपट्टीवर माणसांची नावं आणि नाती लिहून द्या, आणि तिच्या मागे मुलाला स्वतःचा संशयित पेन्सिलीने लिहू द्या. प्रत्येक प्रकरणानंतर तो खोडून बदलता येतो. बंगाली किंवा इंग्रजी नावं असलेल्या पुस्तकांत ही पट्टी फार उपयोगी पडते.

वाचनालयात किंवा वर्गात हे काम करणाऱ्यांनी पैसे कमी असले तरी थांबू नये. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आहे, आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. त्यातली एखादी छोटी साहसकथा छापून वर्गात वाचली की कोणतं मूल कुठल्या प्रसंगाला पुढे सरकून बसतं ते दिसतं. परदेशातल्या मराठी घरांनाही पुस्तक मागवण्याआधी चाचपणी करायला हे अंक सोयीचे आहेत.

पुस्तक परत आलं की वहीत चार रकान्यांची नोंद करा: मुलाचं नाव, पुस्तक, किती दिवसांत वाचलं, आणि सोडलं असेल तर कितव्या पानावर. एकाच पुस्तकात तीन मुलं एकाच पानाच्या आसपास थांबली असतील तर ते पान उघडून वाचा. तिथे एखादं लांबलेलं वर्णन किंवा एकदम आलेली पाच नवी नावं सापडतात. पुढच्या वेळी ते पुस्तक देताना तेवढी दोन पानं तुम्हीच वाचून दाखवा.